आत्यांचा डबा आणि डाळिंबांची यादी

मला राग लवकर येतो. घरातल्यांना हे ठाऊक आहे, म्हणून मी लॅपटॉपसमोर बसले की कुणी माझ्या वाटेला जात नाही. त्या दिवशी सकाळी माझा राग कंपायलरवर होता. ज्यांचा या प्राण्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालायच्या आधी वाचून त्यातल्या चुका काढतो तो कंपायलर. दिवसातून पन्नास वेळा चुका काढेल, पण एकदाही बरं म्हणणार नाही. सासू परवडली, असं लिहिणार होते. पण माझ्या सासूबाई खरंच परवडणाऱ्या आहेत, आणि ही गोष्ट त्यांचीच आहे.

आम्ही बारामतीत राहतो, भिगवण रस्त्याच्या आतल्या बाजूला. कंपनी पुण्यात, मी घरात. काम इंदापूरकडच्या फळांचं. माल शेडमध्ये आला की त्याचं वजन, त्याची प्रतवारी, कुठल्या गाडीत काय गेलं, हे सगळं लिहून ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही बनवतो. त्यात फळांचं वजन करणारं एक तयार फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, होतं, माझ्या आधी काम सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेलं. त्याला हवी होती फळांची यादी. मी देत होते डाळिंबांची यादी. आणि कंपायलर म्हणत होता, चालणार नाही.

डाळिंब हे फळ आहे, एवढं त्याला मान्य होतं. मीच तसं लिहून ठेवलं होतं. एकटं डाळिंब दिलं तर फळ म्हणून निमूट घेत होता. पण डाळिंबांची यादी पुढे केली की म्हणायचा, ही फळांची यादी नव्हे. म्हणजे डाळिंब फळ, पण डाळिंबांची पाटी ही फळांची पाटी नाही! इंदापूरच्या बाजारात असं कुणी बोललं असतं तर लोकांनी त्याला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

पुण्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत आणि मला मॅडम म्हणतात, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. ते म्हणाले, "मॅडम, जनरिक कलेक्शनचा व्हेरियन्स एकदा वाचून घ्या." मी बरं म्हटलं. यातला प्रत्येक शब्द मला सुटा सुटा कळत होता. एकत्र केल्यावर काही कळत नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्यांची हाक आली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या म्हणाल्या, "मी आंघुळीला चाललेय. शेंगोळी गरम हायती तवर समोर दिऊन ये गं."

समोर म्हणजे पळसदेवच्या मावशींकडं. मावशी आमच्या समोरच्या घरात मुलाकडं राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. उजनीच्या पाण्याकाठच्या पळसदेवचं त्यांचं बौद्ध कुटुंब. शेती अजून तिकडं आहे, पुतण्या बघतो. आत्या सुप्याकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. त्यांचा कळप मोडला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, पण अजूनही चार माणसं रस्त्यानं निघाली की त्या आधी मोजून घेतात. मामंजी गेल्यावर आत्या गाव सोडून आमच्याकडं आल्या आणि पहिलं वर्षभर नुसत्या खिडकीत बसून होत्या. मग समोर मावशी राहायला आल्या. रोज चार वाजता मावशी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आमच्या पायरीवर यायच्या, आत्यांच्या दंडाला पट्टा बांधायच्या, आकडा बघून त्यांना रागवायच्या आणि मग दोघी चहा पीत तासभर बोलत बसायच्या. सत्तरी ओलांडल्यावर नवी मैत्रीण मिळत नाही. आत्यांना मिळाली होती.

आता डब्यांचं सांगायला हवं. आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माळ घातल्यापासून त्यांनी मांसमच्छी सोडली. मी आणि माझा नवरा मात्र सगळं खातो. म्हणून घरात भांड्यांच्या दोन फळ्या. वरची आत्यांची, खालची आमची. आत्यांच्या फळीवर त्यांचा एक स्टीलचा डबा होता, माहेरून आलेला, कडीचा. झाकणावर कधीकाळी नाव कोरलेलं होतं, ते घासून घासून गेलं होतं. हा डबा मावशींकडं न्यायचा तो आत्यांनी स्वतःच्या हातानं. आणि मावशींच्या पुतण्यानं पळसदेवहून मासे आणले की ते आमच्याकडं यायचे ते खालच्या फळीवरच्या निळ्या झाकणाच्या डब्यातून, माझ्या हातानं. दोन डबे, दोन हात. मावशी डब्यापेक्षा तो कुणाच्या हातून आला ते बघायच्या. कुणी ठरवलं नव्हतं, पण वर्षभर बिनबोभाट चाललं होतं.

आणि एक नियम तर सगळ्यांनाच माहीत आहे. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काहीतरी घालूनच द्यायचं. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर.

कानात हेडफोन, डोक्यात डाळिंबं. मी हाताला लागला तो डबा घेतला, हुलग्याच्या पिठाची शेंगोळी भरली, पळत समोर गेले. "मावशी, डबा!"

"कशाचा गं?"

"शेंगोळी हाय," म्हणाले आणि पळत परत आले. कुणाचा डबा हे मी सांगितलं नाही. त्या क्षणी माझ्यासाठी डबा म्हणजे डबा होता.

संध्याकाळी मी मीटिंगमध्ये होते. मावशी डबा देऊन गेल्या. आत्यांनी आपला डबा ओळखला, त्यात मावशींनी काय गोडाधोडाचं घातलंय म्हणून कौतुकानं उघडला. आत चिलापी माशाचं कालवण होतं.

"अगं आयेऽऽ!"

ही किंकाळी पुण्यात नऊ जणांनी ऐकली. साहेब म्हणाले, "मॅडम, सगळं ठीक ना?" मी म्हणाले, "सासूबाईंचं ते." नऊ जण समजूतदारपणे गप्प बसले.

आत्या मोरीत बसून डबा राखेनं घासत होत्या. मग लिंबानं. मग परत राखेनं. कालवण त्यांनी आमच्या पातेल्यात ओतलं होतं, टाकलं नव्हतं, हे मला नंतर आठवलं. घासता घासता बोलत होत्या, "जाणूनबुजून केलं. माझ्या माळंची थट्टा केली. एवढी शिकलेली बाई, तिला कळत न्हाय व्हय कुणाच्या डब्यात काय घालायचं?"

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. 'आत्या, डबा मी दिला, मावशींना वाटलं माझाच आहे,' एवढी दोन वाक्यं होती. मी बोलले नाही. भ्यायले, आणि वर मनात म्हणाले की उद्या राग उतरल्यावर सांगू. राग उतरला नाही. डबा माळ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी चार वाजता मावशी यंत्र घेऊन पायरीवर आल्या, तर आत्यांनी मला आतून सांगितलं, "झोपलेय म्हण." मी तसं म्हणाले. तिसऱ्या दिवशीही त्या झोपलेल्याच होत्या. चौथ्या दिवशी मावशी आल्या नाहीत.

मी मेडिकलमधून रक्तदाबाचं यंत्र आणलं. आत्यांनी हात पुढं केला, मी पट्टा बांधला, आकडा आला तो बघून मलाच घाम फुटला. परत मोजला, अजून वाढला. आत्या म्हणाल्या, "तुझ्या हातानं वाढतं ते. ठिऊन दे." आणि खिडकीत जाऊन बसल्या.

इकडं डाळिंबं अडलेलीच होती. शेवटी मी माझा तोरा बाजूला ठेवून ते जुनं फंक्शन वरपासून खालपर्यंत वाचलं. वर वजन वगैरे ठीक होतं. यादीतून एकेक फळ घ्यायचं, वजन मांडायचं. आणि अगदी तळाला, त्या काम सोडून गेलेल्या माणसानं एक ओळ लिहून ठेवली होती: वजन झालं की यादीत एक नमुना फळ घाल. नमुना कशाचा? पेरूचा.

म्हणजे माझी डाळिंबांची यादी आत गेली असती, वजन करून परत आली असती, आणि येताना तिच्यात एक पेरू असता. पुढच्या पायरीवर प्रोग्रॅम प्रत्येक डाळिंबाला त्याच्या दाण्याचा रंग विचारतो. पेरूला विचारला असता, आणि सगळं तिथंच कोसळलं असतं. त्या फंक्शनची यात काही चूक नव्हती. त्याला सांगितलं होतं, ही फळांची यादी आहे. फळांच्या यादीत पेरू घातला तर बिघडलं कुठं?

मी एकटीच मोठ्यानं हसले. आणि हसता हसता थांबले, कारण मला माळ्यावरचा डबा दिसला.

मावशींनीही दुसरं काय केलं होतं? त्यांच्या हातात मी अन्नाचा डबा म्हणून डबा दिला. अन्नाच्या डब्यात त्यांनी अन्न घातलं. परत आला तेव्हा तो माळकरणीचा डबा होता. लबाडी केली ती मी, आणि ती सुद्धा कंपायलरनं मला दिवसभर ओरडून करू दिली नव्हती तीच. लॅपटॉपवर अडवायला तो होता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

त्या दिवशी मला व्हेरियन्स कळला. पुस्तकात तो चार पानांत आहे. मी माझ्यापुरता असा लावला: डब्यातून फक्त घ्यायचं असेल तर शाकाहारी डबा हा अन्नाचा डबा म्हणून कुणालाही चालतो, कारण आतून जे निघेल ते अन्नच असेल. घोटाळा होतो तो घालायची वेळ आली की. ज्या डब्यातून घ्यायचंही आहे आणि ज्यात घालायचंही आहे, त्याची जात बदलून सांगायची नाही, ना वरची ना खालची. आणि खाणाऱ्यांचं बरोबर उलटं असतं. आमचे हे सगळं खातात. त्यांना माळकऱ्यांच्या पंगतीत बसवलं तरी ते मुकाट्यानं भात-आमटी खाऊन उठतील. आत्यांना मात्र कुठल्याही पंगतीत बसवून चालणार नाही. म्हणजे नुसतं घ्यायचं असेल तर मोजकंच असलेला डबा सगळं असलेल्या डब्याच्या जागी चालतो आणि खाणाऱ्यांमध्ये सगळं खाणारा मोजकंच खाणाऱ्याच्या जागी चालतो. मी हे ह्यांना उत्साहानं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी कुठंही चालतो, एवढंच ना?" आणि पेपर वाचायला लागले.

साहेबांनी उपाय सांगितला. फंक्शन बदलायचं, त्यातली ती पेरूची ओळ काढायची आणि यादीच्या पुढं एक प्रश्नचिन्ह टाकून 'एक्सटेंड्स' लिहायचं. त्याचा अर्थ असा की फळांपैकी कशाचीही यादी द्या, मी फक्त वाचीन, आत काही घालणार नाही. मी तसं केलं. कंपायलर गप्प बसला. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत इतकं सुख मला क्वचित झालंय.

आणि डोक्यात हवा गेली. वाटलं, हाच उपाय घरात का नाही?

आत्या मावशींशी बोलत नव्हत्या, पण शेंगोळी केली की त्यांचा जीव राहत नव्हता. पुढच्या आठवड्यात हुलग्याचं पीठ मळता मळता स्वतःशीच पुटपुटल्या, "बोलायचं नसलं म्हणून काय झालं. खायचं खाणाऱ्याला जावं." मी लगेच बाजारातून पत्रावळीच्या कागदाचे द्रोण आणले, वरून चकचकीत कागद लावलेले, वापरून फेकून द्यायचे. त्यात शेंगोळी भरली आणि समोर दिली. डबाच नाही, तर परत यायचा प्रश्न नाही. परत यायचं नाही, तर त्यात काही घालायचा प्रश्न नाही. घेता येईल, घालता येणार नाही. प्रश्नचिन्ह, एक्सटेंड्स. मी माझ्यावरच खूश होते.

मावशींनी द्रोण घेतला. दोन्ही हातांनी घेतला, बघितला, "बरं," म्हणाल्या.

दुसऱ्यांदा दिला, तेव्हाही घेतला. तिसऱ्यांदा त्यांच्या घराचं दार वाजवलं तर मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नगं, बाय. आमचं जेवण झालंय." सकाळचे साडेनऊ वाजले होते.

मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं, अजून माशाच्या दिवसाचा राग असेल. म्हणाले, "मावशी, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. म्हणून तर मी हे द्रोण आणले. डबा परत द्यायची कटकटच नको."

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. आवाज चढवला नाही. दवाखान्यात पेशंटला सांगावं तसं सांगितलं.

"लहानपणी आमाला असंच मिळायचं. टाकून देता यील अशा भांड्यात. पळसदेवला एका घरी माझी आई कामाला जायाची. तिथल्या बाया चहा द्यायच्या, पर करवंटीत. जाताना ती करवंटी बांधावर फेकून द्यायची. म्हंजे ती परत त्यांच्या घरात जायाला नको. तुला हे ठावं न्हाय, मला म्हायती हाय. तुझ्या मनात तसलं काय न्हाय, ते बी म्हायती हाय. पर माझ्या हातात ते आलं ना, मग माझ्या हाताला सगळं आठवतं."

आणि दार लावून घेतलं, हळूच, आवाज न होता.

मी द्रोण घेऊन रस्ता ओलांडला. एवढासा रस्ता, पण मला तो संपेना. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी किती हुशारीनं सगळं सुरक्षित केलं होतं. काहीच चुकीचं आत येणार नाही अशी व्यवस्था केली होती, आणि त्या व्यवस्थेत मावशींनाच बाहेर ठेवलं होतं.

घरी आल्यावर आत्यांना सगळं सांगितलं. डबा मी दिला होता इथपासून करवंटीपर्यंत. मध्ये यादी, डाळिंब, पेरू हेही आलं, कारण घाबरले की मी भलतीकडं बोलत सुटते. आत्यांनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या.

"म्हंजे तिनं थट्टा केली न्हवती," म्हणाल्या.

"नाही."

"आन मी झोपले म्हणून सांगितलं."

"हो."

"आन तू तिला टाकायच्या भांड्यातनं दिलंस. माझ्या घरातनं."

मी हातातला द्रोण ओट्यावर ठेवला. आत्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तुझा तो यंत्रातला मास्तर शाणा हाय. पर त्याला मेंढरं कुठं राखायचीत? आमी मेंढरं चारायला न्ह्यायचो ना, तवा चाऱ्यावर कुणाचं शेरडू आमच्यात मिसळलं तर मिसळू द्यायचो. रानात कुणाकुणाला हाकलायचं? वाडग्यात, कुपणाच्या आत, घेताना दारात उभं राहून एकेक बघायचं. आपलं आत, दुसऱ्याचं त्याच्या घरी. बघायचं काम आत घेणाऱ्याचं. समोरच्याला रानातनं हाकलायचं न्हाय."

मी उभी होते ती खुर्चीवर बसले. आत्यांनी यादीची जात बदलायला सांगितली होती. यादीच मुळात फळांची म्हणून मांडा, काय हवं ते घालू द्या; फक्त बाहेर काढताना ज्याला डाळिंब हवं त्यानं बघून घ्यावं. हाही उपाय पुस्तकात आहे. मी तो वाचून सोडून दिला होता, कारण त्यात प्रत्येक वेळी बघायचे कष्ट आपल्यावर येतात.

"माळ्यावरनं डबा काढ," आत्या म्हणाल्या.

मी स्टुलावर चढून डबा काढला. आत्यांनी द्रोणातली शेंगोळी त्यात ओतली, द्रोण चुलीत घालावा तसा कचऱ्याच्या बादलीत दाबला, पदर खोचला आणि निघाल्या. मी मागून. मावशींचं दार आत्यांनी स्वतः वाजवलं. गुडघे दुखतात म्हणून त्या पायरी उतरताना दहा वेळा देवाचं नाव घेतात. त्या दिवशी एकदाही घेतलं नाही.

मावशी दारात आल्या.

"डबा हिनं दिलता," आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "चूक हिची. आन न इचारता रुसून बसले, ती माझी. टाकून द्यायच्या भांड्यातनं माझ्या घरातनं तुमच्या घरी पुन्हा काय बी येणार न्हाय. हा डबा घ्या. ह्यो आता माळंचा न्हाय, नुसता डबा हाय. तुमाला वाटंल ते ह्यात घाला. उघडून बघायचं काम माझं."

मावशींनी डबा घेतला. मला वाटलं, आता दार लागणार. त्या आत गेल्या, डबा ठेवला आणि यंत्र घेऊन बाहेर आल्या. "बसा," म्हणाल्या. पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला.

"गोळी घेतली न्हाय."

"इसरले."

"इतकं दिस?"

आत्यांनी पदर सारखा केला. मावशींनी त्यांना तिथंच दारात असं काही झाडलं की मला आत्यांची दया आली आणि फार बरंही वाटलं.

पण डबा आला नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता मावशी आमच्या पायरीवर आल्या, यंत्र आणलं, डबा नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा होई, बोलणं होई, पण मधे मधे तुटे. आत्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त मावशी फाटकातून आत येताना त्यांच्या हातांकडं बघत. मी माझ्या खोलीतून खिडकीतून बघत असे. कंपायलर समोर चुका काढत असे आणि मला त्याचं काही वाटत नसे. करवंटी विसरायला किती दिवस लागतात ते मला ठाऊक नव्हतं. कदाचित दिवसांत मोजायची गोष्टच नव्हती ती.

सहाव्या दिवशी चारच्या आधीच फाटक वाजलं. मावशींच्या एका हातात यंत्र होतं, दुसऱ्या हातात डबा. त्यांनी तो पायरीवर आत्यांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"उघडा," म्हणाल्या.

मी खोलीतून उठून दारात आले. आत्यांनी कडी काढली, झाकण उचललं. वास माझ्यापर्यंत आला. मासे होते. गच्च भरून. आत्यांनी झाकण लगेच टाकलं नाही. वाकून नीट बघितलं.

"मरळ हाय," म्हणाल्या.

"व्हय. पुतण्या सकाळीच दिऊन गेला."

"मीठ कमी पडलंय."

मावशींचे डोळे बारीक झाले. "माळकरणीला वासावरनं मीठ कळतंय व्हय?"

"माळ गळ्यात घातलीय," आत्या म्हणाल्या. "नाकात न्हाय."

मावशी हसायला लागल्या. हसता हसता पायरीवर बसल्या, पदर डोळ्यांना लावला, तरी हसत होत्या. आत्यांनी झाकण लावलं, कडी घातली आणि डबा माझ्याकडं वर धरला. राख मागितली नाही, लिंबू मागितलं नाही.

"हे तुमचं. पातेल्यात काढ आन डबा लगेच घासून आण," म्हणाल्या, आणि दंड मावशींच्या पुढं केला. "मला उद्या भरायचाय."